एरंडेल ते बोरेट : ब्रेकमधल्या द्रवाचा इतिहास

मोटार गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक सांगतो, "ब्रेक ऑइल बदलायला झालंय." आपणही तोच शब्द वापरतो. वास्तविक आजच्या बहुतेक मोटारींच्या ब्रेकमध्ये तेलाचा थेंबही नसतो. उलट, इंजिनाचे तेल चुकून ब्रेकच्या टाकीत पडले तर आतले रबराचे वॉशर फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. तरीही हे नाव अगदीच निराधार नाही. एके काळी ब्रेकमध्ये खरोखरच तेल होते, आणि ते होते एरंडेल. पोट साफ करण्यासाठी घरोघरी फडताळात ठेवलेले असायचे तेच. ते ब्रेकमध्ये कसे आले आणि तेथून का गेले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांला असे दिसले की, तापमापीची दोन टोके एकाच द्रवाने सांभाळण्याची ही शंभर वर्षांची खटपट आहे. एका टोकाला उत्तर युरोपातला उणे चाळीस अंशांचा हिवाळा, दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या मार्गावर लालबुंद होणारी ब्रेकची चकती, आणि या दोहोंच्या मध्ये न बोलावता येऊन बसलेले पाणी.

ब्रेकमध्ये द्रव मुळात लागतो कशाला? मोटारींचे सुरुवातीचे ब्रेक सळया आणि तारा ओढून लावले जात, आणि बहुधा ते मागच्या दोनच चाकांना असत. चारही चाकांना ब्रेक लावायचे म्हटले की अडचण येई. एक तार थोडी सैल, दुसरी थोडी ताणलेली. मग एक चाक आधी धरे आणि मोटार त्या बाजूला ओढली जाई. पास्कलने यावरचा उपाय तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. पायाखाली एक मुख्य सिलिंडर, चार चाकांशी चार छोटे सिलिंडर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या, एवढे केले की चारही चाकांवर सारखा दाब आपोआप येतो. शिक्षक हा नियम फळ्यावर दोन वाक्यांत सांगतात. तो मोटारीत उतरवायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

हे काम केले माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने. आपला भाऊ ॲलन याच्यासह त्याने १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक पाणविमान बांधून उडवले होते. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या विमान कंपनीचे नाव याच घराण्याचे. माल्कमने १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट घेतले आणि नंतर विमानांचा नाद सोडून तो डेट्रॉइटला ब्रेकच्या धंद्यात उतरला. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फीने ड्यूसेनबर्ग मोटारीतून जिंकली, तेव्हा तिच्या चारही चाकांना द्रवचालित ब्रेक होते. त्याच वर्षी ड्यूसेनबर्गची साधी प्रवासी मोटारही असे ब्रेक घेऊन विक्रीला आली. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या मोटारीत बसवले. आधीच्या रचनेत चामड्याचे वॉशर होते आणि ते गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबर आणले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत वाट पाहिली.

रबराचे हे आगमन वरवर किरकोळ दिसते, पण आमच्या मते आपल्या गोष्टीतले ते पहिले मोठे वळण आहे. कारण त्यापुढे ब्रेकद्रव कोणता असावा, हे निम्मे रबराने ठरवले.

शर्यतीच्या ड्यूसेनबर्गमध्ये द्रव म्हणून ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण होते. शुद्ध ग्लिसरीन सुमारे १८ अंश सेल्सिअसला गोठते आणि पाणी शून्याला. पण दोन भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी एकत्र केले तर ते मिश्रण उणे ४६ अंशांपर्यंत गोठत नाही. परस्परांमध्ये मिसळलेले पदार्थ एकमेकांचा गोठणबिंदू खाली ओढतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. परंतु गोठत नाही म्हणजे वाहते असे नव्हे. थंडीत हे मिश्रण काकवीसारखे दाट होते. वर ते ११० अंशांच्या आसपास उकळते, आणि पाणी असल्यामुळे लोखंडाला गंज आणते तो वेगळाच.

मग खनिज तेल का नाही घ्यायचे? ते गंजू देत नाही, वंगणाचे कामही करते. पण त्या काळी वॉशर नैसर्गिक रबराचे असत, आणि नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगून लिबलिबीत होते. रबराला न दुखावणारे तेल म्हणजे एरंडेल. शिवाय त्याचा आणखी एक गुण दुर्मीळ आहे. गोडेतेल, करडईचे तेल अशी तेले अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत. एरंडेल सहज विरघळते. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लाच्या लांब साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, आणि अल्कोहोलच्या रेणूवरही तोच गट असतो. हे मैत्र त्यातून येते. त्यामुळे दाट एरंडेल अल्कोहोलने पातळ करून ब्रेकमध्ये भरता आले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वंगण म्हणून जाळले जाई, आणि कॅस्ट्रॉल हे १९०९ मधले व्यापारी नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. यंत्रयुगाच्या त्या दशकांत एरंडाच्या बीला मोठाच मान होता.

या मिश्रणाची हिवाळ्यात कशी फजिती होते, हे सोव्हिएत संघात सर्वांत स्पष्ट दिसले. तेथे बीएसके नावाचा लाल रंगाचा ब्रेकद्रव अनेक दशके वापरात होता. त्यात निम्मे एरंडेल आणि निम्मे ब्यूटाइल अल्कोहोल असे. ब्यूटाइल अल्कोहोलचा उत्कलनबिंदू ११८ अंश, म्हणून हा द्रव ११५ अंशांच्या आसपास उकळू लागे. दुसऱ्या टोकाला उणे २० अंशांजवळ त्यातून एरंडेलाचे स्फटिक बाहेर पडू लागत. ज्या देशाच्या मोठ्या भागात जानेवारीत पारा याच्याही खाली असतो, तेथे ही मर्यादा केवळ कागदावरची नव्हती. नळीत स्फटिक साचले की पेडल दगडासारखे घट्ट होते, किंवा लागलेला ब्रेक सुटत नाही. १९७० मध्ये टोल्यात्ती येथे फियाट १२४ वर बेतलेली झिगुली तयार होऊ लागली. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, आणि त्यांच्या उष्णतेपुढे बीएसके टिकण्यासारखा नव्हता. तिच्यासाठी नेवा नावाचा, ग्लायकॉल ईथरवर आधारलेला नवा द्रव आला. जुना लाल द्रव आणि नवा द्रव एकत्र ओतले तर ते वेगळे होऊन त्यांचे थर बनत. त्यामुळे टाकीत आधी काय आहे हे पाहिल्याशिवाय वर भर घालणे धोक्याचे झाले.

येथे डिस्क ब्रेकचा उल्लेख आला, तेव्हा तापमापीच्या वरच्या टोकाकडे वळू. पुन्हा ल माँ, पण वर्ष १९५३. चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप पहिली आली. तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. या मार्गावर सहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा सरळ पट्टा होता आणि त्याच्या शेवटी काटकोनी वळण. मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम धरू, वेग ताशी २४० किलोमीटरवरून ६० वर आणायचा असे समजू. म्हणजे सेकंदाला ६६.७ मीटरवरून १६.७ मीटर. गतिज ऊर्जेतली घट सुमारे २० लाख ज्यूल येते. एवढी उष्णता ३० अंशांचे सात लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेशी आहे. त्यातला काही भाग हवेचा रोध आणि इंजिन घेते हे खरे. पण उरलेली बहुतेक उष्णता थोड्याच सेकंदांत ब्रेकमध्ये शिरते, आणि चोवीस तासांत असे तीनशेहून अधिक वेळा घडते.

जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ड्रमच तापून फैलावे आणि ब्रेकची पकड आधी ढिली पडे. द्रवापर्यंत उष्णता पोहोचायला वाट लांबची होती. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघडी असते, हवेने लवकर निवते, पकड टिकते. पण घर्षणाचे ठोकळे थेट द्रवाच्या दट्ट्याला टेकलेले असतात. चकतीची उष्णता ठोकळ्यातून दट्ट्यात, आणि दट्ट्यातून सरळ द्रवात! डनलॉप आणि जॅग्वार यांनी केलेल्या चाचण्यांमध्ये द्रव उकळण्याची अडचण वारंवार आली. म्हणजे ब्रेकची एक दुबळी बाजू सुधारली आणि तिच्यामागे लपलेली दुसरी उघडी पडली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा प्रकार इतक्या वेळा आढळतो की त्याचे नवल वाटेनासे होते.

द्रव उकळला तर नेमके काय बिघडते, हे विद्यार्थ्यांना जरूर समजावून सांगावे. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. ब्रेक लावताना मुख्य सिलिंडरातून फक्त काही घन सेंटिमीटर द्रव सरकतो. एक मिलिग्रॅम पाण्याची शंभर अंशांना वाफ झाली तर ती साधारण १.७ घन सेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे दोन-चार मिलिग्रॅम पाण्याची वाफ होण्याचा अवकाश, की पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. पेडल थेट खाली जाते आणि मोटार धावतच राहते. याहून फसवी गोष्ट अशी की, पाय दाबलेला असताना नळीत दाब फार मोठा असतो, म्हणून उत्कलनबिंदूही वर चढलेला असतो. पाय काढला की दाब उतरतो, चकतीची उष्णता मात्र आत झिरपत राहते, आणि द्रव त्या क्षणी उकळतो. चालकाला ते कळते पुढच्या वळणावर.

यासाठी शर्यतीचा मार्गच हवा असे नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना मोटार सुमारे १२०० मीटर खाली येते. हजार किलोग्रॅमच्या मोटारीची स्थितिज ऊर्जा त्यात जवळजवळ १ कोटी १८ लाख ज्यूलने घटते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या एका थांबण्याच्या सहापट. हा उतार तीस-चाळीस सेकंदांत नव्हे तर तासाभरात उतरला जातो, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच भार उचलते. नाहीतर प्रत्येक फेरीत ब्रेक निकामी झाले असते. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

११५ अंशांवर उकळणारे मिश्रण या कामी निरुपयोगी होते, हे उघडच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एरंडेलाची जागा हळूहळू ग्लायकॉल ईथर या कुळातल्या संयुगांनी घेतली. ही संयुगे दोनशे अंशांच्या वर उकळतात, उणे चाळीसलाही वाहतात आणि रबराला फारशी इजा करत नाहीत. तिन्ही अटी एकाच कुळाने पुऱ्या केल्या. फक्त एक खोड राहिली. ईथरचा ऑक्सिजन आणि टोकाचा हायड्रॉक्सिल गट यांना पाण्याचे भारी आकर्षण. हवेतली आर्द्रता हा द्रव ओढून घेतो. टाकीच्या झाकणावरच्या श्वासछिद्रातून पाणी येतेच, शिवाय रबराच्या नळीच्या भिंतीतूनही ते रेणूरेणूने आत शिरते. दोन वर्षांत त्याचे प्रमाण काही टक्क्यांवर जाऊ शकते. कोकणातल्या पावसाळ्यात ही गती कोरड्या हवेपेक्षा अर्थातच अधिक.

काही टक्के पाण्याने असे काय मोठे होते? राउल्टच्या नियमाने हे फळ्यावर दाखवता येते, आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित आवडते असा आमचा अनुभव आहे. शंभर ग्रॅम द्रवात ३.७ ग्रॅम पाणी आहे असे समजा. पाण्याचे मोल ३.७ भागिले १८, म्हणजे ०.२०६. ग्लायकॉल ईथरचे रेणुभार १६० ते २१० च्या घरात असतात, १९० धरू. मग त्याचे मोल ९६.३ भागिले १९०, म्हणजे ०.५०७. एकूण रेणूंपैकी पाण्याचे रेणू किती? ०.२०६ भागिले ०.७१३, म्हणजे जवळजवळ २९ टक्के! वजनात नगण्य दिसणारे पाणी संख्येने तीन-साडेतीनांत एक निघते. आता १४० अंशांना शुद्ध पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३.६ वातावरण असतो. त्याचे २९ टक्के म्हणजे १.०४ वातावरण. द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की तो उकळतो; तेव्हा हा ओला द्रव १४० अंशांच्या जवळपास उकळला पाहिजे. खऱ्या रेणूंमधली ओढाताण आणि ग्लायकॉलची स्वतःची वाफ आपण सोडून दिली आहे, तरीही हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेत १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून ब्रेकद्रवासाठी ११६ क्रमांकाचे मानक लागू झाले. बाटलीवर दिसणारा डॉट हा शब्द म्हणजे तेथील परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. या मानकाचे मोठेपण असे की, त्याने द्रवाचे दोन उत्कलनबिंदू मोजायला लावले, एक कोरडा आणि एक ओला. ओला मोजताना नमुन्याशेजारी मापाचा एक ठरावीक द्रव दमट भांड्यात ठेवतात; त्या मापाच्या द्रवात ३.७ टक्के पाणी शिरले की दोन्ही बाहेर काढतात. जो नमुना अधिक पाणी पितो त्याची परीक्षाही त्या अधिक पाण्यासकटच होते. डॉट ३ साठी कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि ओला किमान १४० अंश ठरला. वाचकांना आपला आकडा ओळखू आला असेल. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

डॉट ४ मधली सुधारणा रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विशेष आवडावी. ग्लायकॉल ईथरची बोरिक आम्लाशी अभिक्रिया करून बोरेट एस्टर बनवतात. पाणी आत आले की हे एस्टर त्याच्याशी अभिक्रिया करून त्याला बांधून टाकते; पाण्याचा तो रेणू बाष्पदाबाच्या हिशोबातून वजा होतो. पाण्याला अडवण्याऐवजी आत घेऊन निकामी करायचे, अशी ही युक्ती. अर्थात एस्टर संपले की संपले. द्रव बदलण्याला पर्याय नाही.

थंडीची परीक्षाही याच मानकात आहे, आणि ती फार साधी आहे. द्रव बाटलीत भरून उणे ४० अंशांना १४४ तास ठेवतात. मग बाटली उलटी करतात आणि हवेचा बुडबुडा वर पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहतात. दहा सेकंदांहून अधिक लागता कामा नये. उणे ५० अंशांना सहा तास ठेवल्यावर ही मुदत ३५ सेकंदांची आहे. याशिवाय उणे ४० ला विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, मोजतात. डॉट ३ ला १५०० सेंटिस्टोकपर्यंत मुभा आहे, डॉट ४ ला १८०० पर्यंत. नेहमीच्या तापमानाचे पाणी सुमारे १ सेंटिस्टोक, आणि २० अंशांचे एरंडेल सुमारे १०००. म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या मोटारीत ब्रेकद्रव एरंडेलाहूनही दाट असला तरी तो परीक्षेत उत्तीर्ण! वर्गात याची कल्पना द्यायची तर काचेच्या छोट्या बाटलीत एरंडेल घ्यावे, वर थोडी हवा ठेवून बूच लावावे आणि बाटली उलटी करून बुडबुडा पाहावा. मग तीच बाटली बर्फात तासभर ठेवून पुन्हा पाहावा. फरक घड्याळाशिवायही कळतो. खरा ब्रेकद्रव मात्र वर्गात आणू नये. तो विषारी असतो आणि बाकांचा रंगही उडवतो.

पाणी पिणारा द्रव नकोच, असा विचार करणारेही होते. त्यांनी सिलिकॉन घेतले. हा डॉट ५, ओळखीसाठी जांभळा रंगवलेला. तो पाणी पीत नाही, रंग खात नाही, २६० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि उणे ४० लाही पातळ राहतो. अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९८० च्या दशकात आपली वाहने त्याच्यावर नेली. वर्षानुवर्षे कोठारात उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी हा निर्णय योग्यच होता. पण आत आलेले पाणी सिलिकॉनमध्ये मिसळत नाही, म्हणून ते थेंबाथेंबाने सर्वांत खोल जागी, म्हणजे चाकाजवळ, जमते. थंडीत ते शून्याला गोठते आणि उतारावर शंभराला उकळते. ज्या दोन संकटांतून सुटायचे होते, ती दोन्ही परत आली. शिवाय सिलिकॉनमध्ये हवा विरघळते आणि त्यामुळे पेडल स्पंजासारखे लागते. पाणी पिण्याची ग्लायकॉलची खोड हा निव्वळ दोष नव्हता, हे या प्रयोगाने दाखवून दिले. सर्वत्र पसरलेले पाणी एका जागी साचलेल्या पाण्यापेक्षा कमी घातक असते. पुढे ग्लायकॉल आणि बोरेट यांचे द्रवही डॉट ५ च्या आकड्यांपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांना ५.१ असा वेगळा क्रमांक द्यावा लागला. त्यामुळे ५ आणि ५.१ यांची नावे भावाभावांची, पण ती एकमेकांत मिसळत नाहीत. इतके गोंधळात टाकणारे नामकरण क्वचितच कोणी केले असेल.

फ्रान्समध्ये सिट्रोएनने तिसराच मार्ग धरला. १९५५ च्या डीएस मोटारीत ब्रेक, सुकाणू आणि स्प्रिंगा एकाच द्रवावर चालत. १९६६ मध्ये कंपनीने तेथे हिरवे खनिज तेल आणले आणि त्यासाठी सगळे रबर बदलले. तो मार्ग मुख्यतः त्याच घरापुरता राहिला.

हिवाळ्याचा प्रश्न खरा तीव्र झाला तो मात्र संगणकामुळे. १९७८ मध्ये बॉशची चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणा मर्सिडीजच्या मोटारीत आली, आणि १९९५ मध्ये मोटार भोवऱ्यासारखी फिरू लागताच एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी स्थिरता-यंत्रणा. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास मोटार अचानक वळवताना उलटली, आणि त्यानंतर ही यंत्रणा लहान मोटारींतही झपाट्याने पसरली. २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ती बंधनकारक आहे. आता एक सूक्ष्म गोष्ट पाहा. चालक पायाने दाबतो तेव्हा द्रवावर शंभर वातावरणांचा दाबही येऊ शकतो. द्रव दाट असला तरी तो पुढे रेटला जातो. पण स्थिरता-यंत्रणा चालकाचा पाय नसताना ब्रेक लावते. तिच्या पंपाला टाकीतून द्रव ओढून घ्यावा लागतो, आणि ओढणाऱ्या पंपाला फार तर एका वातावरणाचा दाब मदतीला असतो. हवेपेक्षा जास्त जोराने कोणी ढकलत नाही. त्यातून झडपांची छिद्रे बारीक. प्वासयच्या नियमाप्रमाणे प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने घटतो आणि विष्यंदितेच्या व्यस्त प्रमाणात. उणे तीस अंशांत, बर्फाळ रस्त्यावर, म्हणजे यंत्रणेची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच पंपाला घोट मिळत नाही. जुन्या मानकातले १५०० आणि १८०० हे आकडे पायाच्या जमान्यातले होते. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ४९२५ मध्ये सहावा वर्ग आला आणि त्यात उणे ४० ची मर्यादा ७५० वर आणली गेली. कोरडा उत्कलनबिंदू २५० आणि ओला १६५.

शर्यतीच्या द्रवांनी याच काळात उलट दिशा धरली. कॅस्ट्रॉलचा एसआरएफ हा द्रव कोरडा ३२० अंशांना आणि ओला २७० अंशांना उकळतो. त्यात सिलिकॉनचे एस्टर पाण्याला बांधण्याचे काम करते. एरंडेलाचे नाव लावणाऱ्या कंपनीने एरंडेलापासून इतके दूर जावे, याची गंमत वाटते. शर्यतीसाठी बनवलेल्या पुष्कळ द्रवांमध्ये मात्र उंच उत्कलनबिंदू मोठ्या रेणूंनी मिळवलेला असतो, आणि मोठे रेणू थंडीत अधिक दाट होतात. काही द्रव १८०० च्या मर्यादेला खेटून असतात.

समजा, एखादा माणूस फिनलंडमध्ये राहतो. हिवाळ्यात उणे तिशीत कामावर जातो आणि उन्हाळ्यात सुटी काढून जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या मार्गावर तीच मोटार पळवतो. एका फेरीला वीस किलोमीटरहून अधिक अंतर आणि सुमारे तीनशे मीटरचा चढउतार. त्याने बाटलीवरचा सर्वांत मोठा आकडा पाहून द्रव घेतला, तर जानेवारीत स्थिरता-यंत्रणा सुस्तावेल. निव्वळ हिवाळा पाहिला, तर जुलैत पेडल खाली जाईल. दोन-चार फेऱ्यांची हौस असेल तर सहाव्या वर्गाचा किंवा ५.१ चा नवा, कोरडा द्रव दोन्ही कामे भागवतो. दोन वर्षे मुरलेल्या महागड्या द्रवापेक्षा तो बहुधा चांगलाच ठरतो. दिवसदिवस मार्गावर घालवणाऱ्यांना मात्र शर्यतीचा द्रव भरावा लागतो आणि शरद ऋतूत तो काढून हिवाळ्याचा भरावा लागतो. दोन्ही वेळा बाटली नवी फोडायची. उघडून झाकण लावून ठेवलेली अर्धी बाटली कपाटातही पाणी पीतच असते, आणि म्हणून जाणते मेकॅनिक लागेल तेवढीच लहान बाटली आणतात.